अर्जदाराचे नाव ऐकिवात नाही

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात सव्वीस वर्षं काढली की माणसाला एक खोड जडते. समोर काहीही येवो, भाचीला आलेलं स्थळ असो, गल्लीत नव्यानं रतीब घालू लागलेला दूधवाला असो, नाहीतर हॉटेलातली नवी भाजी असो, डोळे आधी जामीनदार शोधतात. शेकडो अर्जांवर मी हिरव्या शाईनं एकच शेरा मारला आहे : ‘अर्जदाराचे नाव ऐकिवात नाही. चौकशी व्हावी.’ फार सोयीचा शेरा. त्यात नकार नसतो, आणि होकाराची जबाबदारीही नसते.

गेल्या जूनमध्ये सांगलीतल्या एका वाद्यांच्या दुकानात, काउंटरवर आडव्या पडलेल्या गिटारकडे बघून तोच शेरा माझ्या तोंडून बाहेर पडला.

गिटारच का, हे आधी सांगायला हवं. ‘यादों की बारात’ १९७३ सालचा, आणि मीही १९७३ सालचा. ज्या वर्षी झीनत अमान पांढऱ्या कपड्यांत, हातात गिटार घेऊन पडद्यावर आली, त्याच वर्षी मी मिरजेच्या एका दवाखान्यात, हातात काहीच न घेता जगात आलो. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, असं घरच्यांचं मत आहे. कॉलेजात असताना वडिलांकडे गिटार मागितली, तर ते म्हणाले, “त्यापेक्षा टायपिंग लाव.” लावलं. मिनिटाला चाळीस शब्दांपर्यंत गेलो. म्हणजे बोटं तयार होती, वाद्य तेवढं चुकलं.

आता गृहकर्ज फिटलं, मुलगी बंगळूरला नोकरीला लागली आणि बायको म्हणाली, “रिटायर व्हायच्या आत काहीतरी छंद लावून घ्या, नाहीतर स्वयंपाकघरात येऊन बसाल.” तिच्या डोळ्यांपुढे भजनी मंडळ होतं. माझ्या डोळ्यांपुढे पांढरे कपडे होते.

दुकानदाराचं कॅश क्रेडिट खातं आमच्याच शाखेत. त्यामुळे तो मला साहेब म्हणतो आणि किंमत सांगताना आवंढा गिळतो. त्यानं दोन गिटारी काढल्या. पहिलीवर यामाहाचं नाव. आमच्या पिढीला यामाहा म्हटलं की आरएक्स १०० आठवते, तिचा तो फाटका आवाज आठवतो आणि मागं बसणाऱ्या मित्राचं न मिटलेलं पेट्रोलचं उधार आठवतं. त्या गाडीच्या कंपनीनं गिटार करावी हे मला आधी विचित्र वाटलं. मग कळलं की उलटंच आहे. तोराकुसू यामाहा नावाच्या गृहस्थांनी १८८७ साली एक बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, तिथून कंपनी सुरू झाली. मोटारसायकल फार नंतरची. यामाहाच्या चिन्हात आहेत ते तीन ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सूर जुळवायचे चिमटे. कॉलेजात आम्ही डोळे मिटून रेस द्यायचो ते कशावर बसून, याचा पत्ताच नव्हता.

दुसरी गिटार साडेपाच हजारांची, म्हणजे पहिलीच्या जवळजवळ निम्म्यात. तिच्यावरचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, तुम्हीसुद्धा ते ऐकलेलं नसणार. नाव स्पॅनिश वाटत होतं, खोक्यावरचा मजकूर इंग्रजी होता, खोकं चीनचं होतं आणि त्याला बांधलेली सुतळी गणपती पेठेतली होती.

“नाव कधी ऐकलं नाही,” मी म्हणालो.

“साहेब, एकाच कारखान्यात बनतात सगळ्या. स्टिकर तेवढा वेगळा.”

हे वाक्य मी चपला, पंखे, कुकर आणि एकदा जावई यांच्याबाबतीत ऐकलेलं आहे. म्हणून घरी येऊन चौकशी केली, तर गिटारच्या बाबतीत त्यात काही तथ्य निघालं. चीनच्या ग्वेइझोऊ प्रांतात झेंगआन नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिथली माणसं पूर्वी ग्वांगडाँगच्या गिटार कारखान्यांत कामाला जायची. पुढे हात तयार झाल्यावर त्यांनी कारखानेच गावाकडे आणले. आता तिथून वर्षाला लाखो गिटारी निघतात आणि त्यांवर देशोदेशीच्या कंपन्यांची नावं लागतात. हे मला लगेच पटलं. शेजारच्या इचलकरंजीत कापड विणायचं आणि लेबल भलत्याच शहरात लागायचं, हे आम्ही लहानपणापासून बघतो आहोत.

नावांचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेत गिब्सन, तर आपल्याकडे गिवसन. हॉबनर वाचलं की जर्मनीतलं होनर आठवतं. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या शाखेतही तीन वेगवेगळ्या ‘न्यू महालक्ष्मी ट्रेडर्स’ची खाती आहेत, आणि मूळच्या महालक्ष्मी ट्रेडर्सचं खातं कधीच बंद झालं आहे.

आणि मोठी नावं तरी जन्मतः मोठी कुठे असतात? आज मार्टिन म्हटलं की गिटारवाले आवाज खाली आणतात. त्या घराण्याचे मूळ पुरुष ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हे जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शन गावचे. त्यांचं घराणं सुतारांच्या संघातलं. तिथल्या व्हायोलिनवाल्यांच्या संघानं हरकत घेतली की हे लोक कपाटं करणारे, वाद्य करायचा हक्क आमचा. हा वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी कंटाळून १८३३ साली मार्टिन न्यूयॉर्कला गेले. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? अनुभव : फर्निचर. तंटा : चालू. पत्ता : बदलता. नाव : ऐकिवात नाही. मी काय शेरा मारला असता हे मला ठाऊक आहे, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तोवर बातमी घरातून फुटली होती. मेव्हणा आला. तो प्रत्येक वस्तूकडे तिच्या शेवटाकडून बघतो.

“उद्या विकायची झाली तर किती येतील?”

“अजून घेतली नाही.”

“म्हणून तर आत्ता विचारतोय.”

मग पुतण्याचा फोन. “काका, टॉप सॉलिड आहे की लॅमिनेट?” मी गिटारवर टिचकी मारून बघितली होती, म्हणून ठामपणे म्हणालो, “चांगली सॉलिड आहे.” पलीकडे शांतता. मग त्यानं समजावलं, की सॉलिड म्हणजे मजबूत नव्हे. गिटारचा दर्शनी भाग अखंड लाकडाच्या फळीचा असेल तर तो सॉलिड, आणि पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतील तर लॅमिनेट. म्हणजे ज्याला आपण किचन ट्रॉलीत प्लायवूड म्हणतो, त्याला गिटारीत लॅमिनेट म्हणतात. अखंड फळी जास्त मोकळी थरथरते, म्हणून आवाज खुलतो. पण ती हवेतली ओल पिते, फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. प्लायला सुख नाही आणि दुःखही नाही. साडेपाच हजारांत प्लायच येणार, हे उघड होतं. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात आमच्या घराचे दरवाजे दसऱ्यापर्यंत लागत नाहीत. अशा घरात निर्विकार वाद्य असलेलं बरं, अशी मी स्वतःची समजूत काढली.

शेजारचे तात्या हळदीच्या व्यापारात मुरलेले. त्यांनी फोटो बघायलासुद्धा नकार दिला. “फोटो काय बघायचा? नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की खण्‌ असा आवाज येतो. ज्याचा येत नाही ते ओलं. गोणीवर कुणाचं नाव हाय ते बघत बसलास तर बुडलास.”

“तात्या, गिटार मोडून कशी बघू?”

“मग व्यापारी कसला तू!”

लाकडाचा विषय निघालाच होता, म्हणून मी त्यात खोल उतरलो, आणि घरातला एक जुना गुन्हा उघडकीस आला. गिटारच्या पाठीसाठी ब्राझीलच्या शिसवीला मोठा मान. ती मिळेनाशी झाली, तेव्हा १९६९च्या सुमारास मार्टिन कंपनी भारतीय शिसवीकडे वळली. भारतीय शिसव म्हणजे आपल्याच पश्चिम घाटातलं झाड. आमच्या आजोळी शिसवी पलंग होता. तो हलत नाही आणि त्याच्याखाली झाडता येत नाही, म्हणून मामानं तो जुन्या बाजारवाल्याला देऊन लोखंडी कॉट घेतली. मी मनात मोजमाप काढलं. त्या पलंगात निदान आठ मार्टिन झोपल्या होत्या, आणि त्यांच्यावर आजोबा.

पण लाकडाचा हा मान तरी किती खरा? स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या थोर कारागिरानं १८६२ साली एक गिटार केली. तिची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या! वरची फळी तेवढी चांगल्या लाकडाची. आवाज वरच्या फळीत असतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सेलोनाच्या संग्रहालयात आहे. आणि २०१८ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. घडण एक, पाठीचं नि कडांचं लाकूड मात्र निरनिराळं, अगदी ब्राझीलच्या शिसवीपासून स्वस्त लाकडापर्यंत. मग बावन्न वादकांना अंधूक खोलीत बसवलं, डोळ्यांना वेल्डिंगचे चष्मे लावले आणि म्हटलं, वाजवा. गुण जवळपास सगळ्यांना सारखेच पडले! महाग लाकूड कोणतं, हे कानांना काही सांगता आलं नाही.

बावन्न वादक, आणि माझं वय बावन्न. मी याला योग मानलं. शिवाय एक कल्पनाही सुचली : कर्जाचे अर्ज मंजूर करताना संचालक मंडळाला असेच चष्मे द्यावेत. अर्जदार कुणाचा पाहुणा आहे, ते दिसणार नाही. ही सूचना मी लेखी देणार होतो. बायकोनं निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते बोटांवर मोजून दाखवलं.

थोडक्यात, नाव खोटं, लाकूड खोटं. खरी ती हातातली वस्तू. मग वस्तूच तपासायचं ठरलं. मी पट्टी, टॉर्च आणि ट्यूनरचं ॲप घेऊन पुन्हा दुकानात गेलो. सुतार रंधलेली फळी डोळ्याला लावून बघतो, तशी गिटारची मान डोळ्याला लावली. सरळ होती. मग बाराव्या पडद्यापाशी, म्हणजे फ्रेटपाशी, आलो. हा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथे बोट नुसतं टेकवून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर एकच हवा; फरक पडला तर गिटार कितीही जुळवा, वर जाऊन बेसूरच बोलणार. दोन्ही सूर जवळपास जुळले. तिथेच तार पडद्यापासून किती वर आहे तेही मोजायचं असतं. जाड तारेला अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक. हिची भरली साडेतीन. म्हणजे दाबताना बोटं सोलणार. त्यात सातव्या पडद्यापाशी तार झर्रर्र करत होती. पण तारा धरून ठेवणारी पट्टी, म्हणजे ब्रिज, कुठे सुटलेली नव्हती, आणि हे महत्त्वाचं. कारण सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात जातो. म्हणजे मी स्वतः, जेवणाआधी, रात्रंदिवस त्या इवल्या पट्टीला लोंबकळतोय असं समजा. एवढा ताण घेऊन वर्षानुवर्षं न वाकता उभं राहायचं आणि वर गोडही बोलायचं, ही अट बँकेत काउंटरवर बसलेल्याला नव्यानं समजावावी लागत नाही.

“दोन दिवस घरी नेऊन बघा की साहेब,” दुकानदार म्हणाला. कर्जाच्या मर्यादावाढीचा त्याचा अर्ज माझ्याकडेच होता, हा निव्वळ योगायोग.

घरी न नेता मी ती मिरजेला नेली. वाद्याची चौकशी करायची आणि मिरज दहा किलोमीटरवर असताना करायची नाही, हे पाप आहे. सतारमेकर गल्लीत शिरलं की छताला टांगलेले भोपळे दिसतात, लाकडाच्या भुशाचा नि पॉलिशचा वास येतो. इथले शिकलगार एके काळी हत्यारांना धार लावायचे. दीडेकशे वर्षांपूर्वी तलवारी थंडावल्या, तेव्हा ते तारांकडे वळले. २०२४ साली इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे सरकारनंच जामीन दिला म्हणायचा.

सत्तरीचे एक चाचा तंबोऱ्याची घोडी घासत बसले होते. मी गिटार पुढं ठेवली. त्यांनी नावाकडे बघितलंच नाही. पाठीवर बोटांनी टकटक केलं, कानाजवळ नेली, एक एक तार छेडली. सातव्या पडद्याशी ती झर्रर्र झाली, तसा त्यांचा चेहरा खुलला.

“जवारी बरी लागलीया.”

आता काय सांगावं! सतार-तंबोऱ्याची घोडी अशी घासतात की तार तिला जाता जाता चाटून जाते आणि सूर मधमाशीसारखा घुमतो. तेवढी जवारी काढून घ्यायला लोक लांबलांबून मिरजेला येतात, पैसे मोजतात. गिटारीत तोच झंकार म्हणजे दोष.

“चाचा, गिटारला जवारी चालत नाही.”

“मग घातली कशाला?”

“घातली नाही, राहिली.”

“फुकट राहिली? नशीबवान हाय की गिटार.”

मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “बनवली कुणी?” मी कंपनीचं नाव सांगितलं. “ते दुकानाचं नाव झालं. बनवली कुणी?” मला झेंगआनचा तो डोंगर आठवला. तिथल्या एखाद्या माणसानं जेवणाच्या सुट्टीआधी घाईनं सातवा पडदा ठोकला असणार. त्याचं नाव मला तरी कुठून माहीत असणार? ते खोक्यावर नव्हतं. महागड्या गिटारच्या खोक्यावरही नसतं.

मी असा विचारात असताना चाचा विचारात नव्हते. मी भानावर आलो तेव्हा तारा सैल पडल्या होत्या, सातवा पडदा बारीक हातोडीनं बसवून झाला होता, आणि गिटारची पांढरी घोडी बाहेर काढून ते खालच्या अंगानं पॉलिश पेपरवर घासत होते.

“चाचा! अजून विकत घेतली नाही मी ही!”

त्यांनी घोडी उजेडात धरून बघितली, आणखी दोन हात मारले, पांढरी पूड फुंकली आणि म्हणाले, “आता घेतली.”

तीन आठवड्यांची चौकशी, देशोदेशीचा इतिहास, बावन्न वादक, मेव्हणा, तात्या या सगळ्यांचा निकाल एका पॉलिश पेपरनं लावला. घोडीचे पन्नास रुपये झाले. दुकानदाराला मी साडेपाच हजार पूर्ण दिले. तो पाचशे कमी घ्यायला तयार होता, पण मर्यादावाढीचा अर्ज खरोखरच माझ्याकडे होता.

आता या कमी नावाच्या गिटारचा खरा गुण सांगतो. तो कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत. ती जामीनदार असते. नामवंत गिटार घेतली आणि वाईट वाजली, तर दोष कुणाचा हे लहान मूलही सांगेल. अनोळखी गिटार वाईट वाजली, तर मान हलवून “साडेपाच हजारांत आणखी काय मिळणार?” म्हणायचं की झालं. जुलैत माझा सी कॉर्ड लागला, ऑगस्टात जी लागला, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन मी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात नाव दिलं. तिथे एफ लागला नाही. एफला एकाच बोटानं सहाच्या सहा तारा दाबाव्या लागतात. माझ्या बोटाखाली चार दबल्या, दोन हसल्या. “गिटारच तशी आहे,” मी माइकवरून सांगितलं. लोकांनी सहानुभूतीनं टाळ्या वाजवल्या. चार महिने त्या बिचारीनं माझे सगळे हप्ते भरले.

दिवाळीत वरच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी फराळाचं ताट द्यायला आली. कोपऱ्यात गिटार बघून म्हणाली, “काका, वाजवू?”

“वाजव, पण तिच्यात दम नाही हं.”

तिनं मांडीवर घेतली, दोन तारा जुळवल्या आणि सुरू केलं. एफ आला, गेला, पुन्हा आला, येताना दारसुद्धा वाजलं नाही. स्वयंपाकघरातलं तळण थांबलं. बायको हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहिली. वाजवून झाल्यावर मुलीनं गिटार उलटसुलट करून बघितली.

“भारी आहे की काका! कुठली?”

मी नाव सांगितलं.

“ऐकलं नाही कधी,” ती म्हणाली आणि चकली उचलून गेली.

बायको काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर माझ्या ओळखीची आहे, सव्वीस वर्षं मी ती इतरांवर वापरली आहे. जामीनदारानं हात वर केले की मूळ कर्जदाराकडे असं बघतात.

“तारा जुन्या झाल्यात,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदारानं तारांची दोन पाकिटं काउंटरवर ठेवली. एक जगभर नाव असलेलं. दुसऱ्यावरचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. चौकशी न करता मी दुसरं उचललं.